रुखवतातल्या टाम्या

३ मार्च, सोमवार

हळद काढून काढून कंबरेचे तुकडे झालेत. घरी आले, चूल पेटवली, भाकरी टाकल्या, तवर हे आले. हात कोपरापर्यंत काळे अन् तोंडभर हसू. तवाच समजलं, आज काहीतरी ऐकावं लागणार.

जेवायला बसले अन् सुरू. मंगल अशी अन् मंगल तशी. तिच्या ट्रॅक्टरचं मागलं टायर ओढ्यात दगडावर घसरून रिमवरून निघालं. चाकात हवा कमी होती, ध्यान दिलं न्हाई. पण बाई घाबरली न्हाई म्हणे. पदर खोचला अन् स्वतः जॅक लावायला बसली.

"बाई असून चाकाला हात घालते गं उषे! बघायसारखं हाय."

बाई असून! मी वरण वाढून राहिले होते, ते ताटाच्या बाहेर गेलं.

मंगल ह्यांच्या मामाची पोरगी. म्हणजे आमच्यात हक्काचीच की. हे अन् ती, जमल्यात जमा होतं म्हणे. मग मधीच मोडलं, तिला परभणीकडं दिली, अन् मी ह्या घरात आले. काहून मोडलं ते मला कोणी सांगितलं न्हाई. मीबी इचारलं न्हाई. आता मामाला लकवा झाला, तिच्या पाठीला भाऊ न्हाई, नवरा पुण्याला कंपनीत, म्हणून दिवाळीपासून ही बापाची शेती करायला इकडं येऊन राहिली. ओढ्याच्या त्या अंगाला ती, ह्या अंगाला आमी.

अन् मी कोण? मी वसमतच्या टायरवाल्याची पोरगी. फ्रॉक घालायचे तवापासून बाबांच्या हाताखाली टायर खोलले. ट्रकचे, ट्रॉलीचे, ट्रॅक्टरचे. ह्यांना ते माहीत न्हाई का? चांगलं माहीत हाय.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी आमचा ट्रॅक्टर शेतात पंक्चर झाला होता. मी टायर उचकटायची टामी घेऊन निघाले तर सासू, आमच्या आत्याबाई, दारात आडव्या झाल्या. "आमच्या घरात बाया चाकाला हात लावत न्हाईत." दसऱ्याला हळदकुंकू लावायला तेच चाक चालतं! तवा हे बाजूलाच उभे होते. एक शब्द बोलले न्हाईत. आता मंगलनं हात लावला तर बघायसारखं.

झोपते. झोप येणार न्हाई ते माहीत हाय.


५ मार्च, बुधवार

आली होती. सकाळी सकाळी, दारातूनच "आत्या ओ आत्या!" करत. आत्याबाईचं तोंड असं फुललं की काय सांगावं. मी इतकी वर्षं 'आत्याबाई' म्हणून राहिले, रिवाजानं. ती 'आत्या' म्हणते, रक्तानं. त्या दोन हाकांत किती फरक हाय ते आज बराबर ऐकू आलं.

चहा केला. तिच्या कपात मी साखर कमी टाकली. मुद्दाम. पिऊन म्हणते कशी, "वहिनी, चहा झ्याक झाला." कमी साखरेचाच पिते म्हणे ती!

अन् मग काय झालं?

तिच्याकडं टायर उचकटायला टामी न्हाई. पहारीनं खटपट केली तर ट्यूबला खोचा पडला. तर हे उठले, आतल्या खोलीत गेले, कणगीच्या मागून माझ्या दोन टाम्या काढल्या अन् तिच्या हातात दिल्या. माझ्या!

बाबांनी रुखवतात मांडल्या होत्या त्या. चकल्या, अनारसे, लोकरीचे ससे, अन् सगळ्यांच्या मधी तेल पुसून लख्ख केलेल्या दोन टाम्या, वरून हळदकुंकू. सगळा मांडव हसला होता. "नवरीला भाकरी उलटायला दिल्या व्हय?" असं कोणतरी म्हणलं. बाबा नुसते हसले. मला मागनं म्हणले, "लोकाला हसू दे. लोखंड हाय, कामाला येईल."

पहिल्या वर्षी दारात अडवलं तवा आत्याबाईनी त्या कणगीमागं टाकल्या त्या आज निघाल्या. अन् निघाल्या त्या कोणाच्या हातात?

ह्यांना म्हणलं, "माझ्या होत्या त्या."

"मग काय झालं? पडूनच तर होत्या."

पडूनच तर होत्या. व्हय. मीबी पडूनच हाय.


६ मार्च, गुरुवार

भाकरी घेऊन मीच गेले. आत्याबाई म्हणल्या मी धाडते कोणाला तरी, मी म्हणलं न्हाई, मीच जाते. बघायचंच होतं मला.

ओढ्याच्या काठी चिंचेखाली ट्रॅक्टर. मागलं चाक जॅकवर उचललेलं. नवी ट्यूब हट्टा गावाहून आणलेली. हे अन् ती दोघं चाकाच्या दोन बाजूला, एक टामी ह्यांच्या हातात, एक तिच्या. हे म्हणले "दाब", की ती दाबते. "सोड" म्हणले की सोडते. हळद काढणाऱ्या बाया काम सोडून बघत उभ्या. मी बांधावर बसले, डोक्यावर ऊन, भाकरीचं फडकं मांडीवर. मला कोणी म्हणलं न्हाई ये म्हणून.

टायराचा काठ काही केल्या रिमवर चढेना. कोरडा. मला बसल्या जागी समजलं, साबणाचं पाणी लावाया पाहिजे. तेवढ्यात हे उठले, आमच्या ट्रॅक्टरच्या पेटीतून एक काळा डबा काढला, चिंधी बुडवली अन् काठाला चौफेर लावलं.

तेल. जळकं ऑइल. वास आला बांधापर्यंत.

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात मंगल म्हणली, "बाई गं, किती हुशार हो तुमी!" अन् हे असे हसले, असे हसले, मला इतक्या वर्षांत तसं हसून दाखवलं न्हाई. माझं तोंड मिटलं.

तेलावर टायर सरकन चढलं. आमच्या ट्रॅक्टरवरच्या हवेच्या टाकीतून हवा भरली, फाट फाट आवाज होऊन काठ दोन्हीकडं बसला. बायांनी टाळ्या वाजवल्या. मंगलनं हात पुसले अन् माझ्याकडं बघितलं. मी डब्याकडं बघून राहिले होते. तेबी तिनं बघितलं.

भाकरी दिल्या, आले.


७ मार्च, शुक्रवार

बाबांना फोन केला. गुडघ्यांचं इचारलं, दुकानाचं इचारलं. मग सहज इचारल्यासारखं केलं.

"बाबा, काठाला साबणाऐवजी तेल लावलं तर?"

"मस्त चढतं." मग म्हणले, "अन् मस्त उतरतं. रिकामं फिरवलं तर काही व्हायचं न्हाई. मागं ओझं आलं, चढ आला, की टायर जागेवर राहतं अन् रिम आतल्या आत फिरते. ट्यूबचा वॉल, हवा भरायची नळी, कापून निघतो. काहून? कोणी लावलं?"

"कोणी न्हाई. आपलं असंच."

"उषा, कोणी लावलं असेल तर सांग बाई त्याला. खोलून धुवायला लाव."

"कोणी न्हाई म्हणलं ना."

बाबांशी खोटं बोलले. बोलून ठेवला फोन अन् अंगणात गवऱ्या उचलायला गेले. सगळ्या गवऱ्या ह्या भिंतीच्या त्या भिंतीला लावल्या. काही गरज नव्हती.


९ मार्च, रविवार

आज सांगणार होते. सकाळपासून वाक्य जुळवून ठेवलं होतं. "अहो, ते चाक एकदा खोलून बघा." एवढंच. त्याला काय लागतं?

तर जेवायला मंगल. आत्याबाईनी बोलावलेली. पाटावर बसवली, भाकरीवर तूप. आधी तिला, मग ह्यांना. मला म्हणल्या, "उषा, पाणी ठेव." मी पाणी ठेवलं.

आत्याबाई काय म्हणल्या माहीत हाय? "माझ्या भावाची लेक हाय, माझ्यावर गेली. हिच्यात मर्दावानी जिगर हाय." अन् माझ्या टाम्या कणगीमागं टाकणारी कोण मग? भूत?

हे खाली मान घालून जेवून राहिले. मी जुळवलेलं वाक्य गिळून टाकलं.

मनात काय आलं ते लिहूनच टाकते. फिरू दे. तिचं चाक फिरू दे एकदा सगळ्यांसमोर. दिसू दे मर्दावानी जिगर. तिचा ट्रॅक्टर, ती चालवते, तिचं ती बघून घेईल. रिकामा तर फिरून राहिला इतके दिवस, काय झालं?

लिहिलं. आता पुसायचं न्हाई.


११ मार्च, मंगळवार

ढगाळ. हळद शेतात उघडी, सगळ्यांच्या माना वर. पाऊस आला न्हाई.

मंगल आमच्या वावराकडनं गेली ट्रॅक्टरवर. हात केला. मीबी केला. तिच्या मागल्या चाकाकडं नजर गेली. रिमला लागून टायरावर बारीक रेघ असते, ती चौफेर सारखी दिसली म्हणजे काठ बसला. बाबा म्हणायचे, आवाजावर जाऊ नको, टाळ्यांवर जाऊ नको, रेघ बघ. हिची रेघ एका बाजूला आत गेलेली. म्हणजे धड बसलंच नव्हतं ते. हात करायला वर केलेला होता तोच तिला थांबवायला पुरला असता.

न्हाई थांबवलं.


१३ मार्च, गुरुवार. होळी

पुरण शिजून राहिलं होतं. हे कपडे घालून निघाले.

"कुठं?"

"मंगलकडं कुकर आलाय हळद शिजवायचा, चाकांवरचा. टाकीत पाणी भरून तयार हाय. ओढ्याचा चढ हाय ना, तिला भ्या वाटतं. मीच काढून देतो तिच्या ट्रॅक्टरनं."

माझ्या हातातलं पुरणयंत्र तिथंच थांबलं. ती चालवणार होती. ती. हे न्हाई.

"तुमी नका जाऊ."

"काहून?"

"नका जाऊ म्हणते ना. सणाचा दिवस हाय."

तर हे हसले. दारात उभं राहून, आत्याबाईच्या देखत. "जळतीस व्हय गं तू मंगलवर?"

आत्याबाईबी हसल्या. माझ्या अंगाला आग लागली. मी म्हणलं, "जा मग! जा खुशाल!"

अन् गेले. मला एवढंच म्हणायचं होतं की तेलावर टायर टिकणार न्हाई. चार शब्द. 'जळतीस' म्हणल्यावर ते चार शब्द कसे काढायचे होते तोंडातून? काढले असते तर त्यांनी म्हणलं असतं, बघा, जळते म्हणून म्हणते.

पुरण तसंच टाकलं अन् पळाले मागनं. उशीर झाला होता. बांधावर पोचले तवर ट्रॅक्टर चढावर. मागं कुकर, पाण्यानं भरलेला, जड. मी ओरडले. इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? डोळ्यादेखत बघितलं. रिम फिरली अन् टायर जाग्यावर. फुस्स करून हवा गेली, चाक बसलं, ट्रॅक्टर एका अंगाला कलला. हे उडी मारून बाजूला पडले. कुकरचा दांडा काठाच्या मातीत घुसला म्हणून थांबला, न्हाईतर सगळं मागं ओढ्यात आलं असतं.

पायाचा घोटा सुजला. हाड शाबूत हाय म्हणले डॉक्टर. हात खरचटला.

मी सगळ्यांच्या आधी पोचले. मांडीवर डोकं घेतलं. हे म्हणून राहिले, "अगं काही न्हाई झालं, रडू नको." मी काहून रडून राहिले ते त्यांना काय माहीत.

गावात होळी पेटली तवा मी नैवेद्य घेऊन गेले. हात जोडले. मागितलं काही न्हाई, मागायला तोंड नव्हतं.


१४ मार्च, शुक्रवार. धुळवड

हट्ट्याच्या टायरवाल्याचा फोन बंद. रंग खेळून राहिला असेल. वसमतला बाबांना फोन केला असता, पण गुडघ्याची तकलीफ, त्यात धुळवडीला गाडी कुठं मिळणार? अन् चढावर कुकर अडकलेला. रस्ता बंद. कुकरवाल्याला उद्या पुसेगावकडं जायचंय, सकाळपासून बोंबलून राहिला. मागं चार जणांची हळद काढून पडलेली.

मी उठले. ह्यांची जुनी पँट साडीच्या आत घातली, पदर खोचला.

आत्याबाई दारात. "कुठं?"

"चाक बसवायला."

"अगं पण..."

"आत्याबाई, सरका."

सरकल्या. मला वाटलं न्हाई सरकतील.

जाताना होळीची राख घेतली टोपलंभर. ते बघून आत्याबाईचा आवाज निघाला, "होळीची राख चाकाला? लोक अंगाला लावतात ती!" म्हणलं, तेल काढायला राखेसारखं दुसरं काही न्हाई. मग साबणाच्या दोन वड्या बादलीत टाकल्या अन् निघाले. एका शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकून हे मागनं आले लंगडत. बांधावर बसले. त्या दिवशी मी बसले होते तिथंच.

मंगल ट्रॅक्टरपाशी उभी. तोंड एवढंसं झालेलं. माझ्या टाम्या तिनं पुसून चाकापाशी ठेवल्या होत्या. कुकर सोडवला, चाकांना दगड लावले, जॅक चढवला. टामी हातात घेतली अन् बाई गं, काय सांगू. इतकी वर्षं झाली, पण तळहाताला ती बराबर आठवली.

बाहेरचा काठ उतरवला, फाटकी ट्यूब काढली. मग राख. मी अन् मंगल दोघी चिंध्या घेऊन रिम घासत बसलो. काठ घासला. तेल काही सरता सरेना. दोघींचे हात खांद्यापर्यंत करडे. रस्त्यानं रंग खेळणारी माणसं थांबून बघायची अन् हसायची.

आमच्या ट्रॅक्टरसाठी आणून ठेवलेली नवी ट्यूब घालून काठ चढवताना टामी जास्त आत गेली. चर्रर्र. ट्यूब चिमटली. सवय मोडली ना! मंगल हसली. मला इतका राग आला की टामी फेकून द्यावी वाटलं. मग मलाच हसू आलं. बाबांनी असं केल्यावर टपली मारली असती. परत काढली, ठिगळ लावलं, परत घातली.

साबणाचं पाणी चौफेर लावलं. टायरावर पाय देऊन दाबलं, मंगलनं खालनं टामी धरली, काठ आत गेला. हवा भरली. एक आवाज झाला. बायांनी टाळ्या वाजवायला हात उचलले.

बांधावरनं हे ओरडले, "टाळ्या नका वाजवू! उषे, रेघ बघ!"

मी बघितलं. खालच्या अंगाला रेघ आत होती. हवा सोडून दिली, परत साबण, परत हवा. दुसरा आवाज झाला. आता रेघ चौफेर सारखी, बोटभरबी फरक न्हाई.

मग मला सुचलं. रेघ बघायचं ह्यांना कोणी सांगितलं? मी तर कधीच न्हाई. अन् माहीत होतं तर त्या दिवशी ह्यांनी का न्हाई बघितली? टाळ्यांत विसरले असतील.

मंगल माझ्याशेजारी बसली होती, हात धुऊन राहिली होती. हळूच म्हणली, "वहिनी, तेल तुमी बघितलं होतं त्या दिवशी."

खोटं बोलावं असं आलं तोंडात, पण तिचे डोळे असे होते की बोलता आलं न्हाई. "व्हय," म्हणलं.

"मग बोलल्या का न्हाई?"

"जळून राहिले होते तुझ्यावर."

तर ती फणकारली. एकदम. "माझ्यावर? तुमी? अहो मी किती वर्षं झाली जळून राहिले तुमच्यावर! माझं ठरलं होतं त्यांच्याशी. साखरपुड्याची साडीबी घेतली होती माझ्या बापानं. अन् ते गेले वसमतला ट्रॅक्टरचं चाक बसवायला. आले अन् माझ्या बापाला म्हणले, मला मंगल नको. तिथं एक पोरगी टायरावर उभी राहून रेघ बघून राहिली होती, तीच पाहिजे. टायरावर उभी राहिलेली पोरगी! मला त्या दिवसापासून टायराचा राग हाय. म्हणून तर शिकायला बसले."

मी बादलीतलं उरलेलं पाणी ओतून दिलं अन् इचारलं.

"ह्यांना सांगणार का तू? तेलाचं?"

"माझं काम न्हाई ते," म्हणली. "तुमचं तुमी बघा." अन् ट्रॅक्टरवर चढली, कुकर जोडला, चढ चढवला. एका दमात. भ्या वाटतं म्हणे!


१५ मार्च, शनिवार

रात्रभर तीच एक गोष्ट. टायरावर उभी राहिलेली पोरगी. ती मीच होते ना? मग त्या पोरीला घरात आणून कणगीमागं कशाला टाकलं?

सकाळी हे पलंगावर, पाय उशीवर. शेक द्यायला बसले. इचारायचं होतं, पण हेच बोलले.

"मी तर तुझ्यावानीच केलं होतं गं. मग बिघडलं कसं?"

"माझ्यावानी?"

"तुझ्या बाच्या दुकानात तो काळा डबा असायचा ना तेलाचा. तू त्यात ब्रश बुडवून काठाला लावायचीस. माझ्या ध्यानात होतं. तसाच डबा शोधून काढला मी."

मी शेकायचं फडकं खाली ठेवलं.

"अहो, डबा तेलाचा होता. आत साबण असायचा. बाबा रिकाम्या डब्यात साबण भिजवायचे."

हे बघत राहिले अन् मग असे हसले, पोट धरून, पाय दुखला म्हणून "आई गं" करत हसले. मला पण हसू आलं. एवढ्या वर्षांचा डबा ध्यानात ठेवला बाप्यानं, त्यात काय हाय ते इचारलं न्हाई. मला इचारलं असतं तर?

"आईपुढं बोलायला पाहिजे होतं मी तवा," एकदम म्हणले. "टामी घेऊन निघाली होतीस तवा. भ्यालो." एवढंच. मान भिंतीकडं केली.

वाटलं, आता सगळं चांगलं झालं. आता काही नको.

तर परत इकडं वळले. कपाळाला आठी.

"पण उषे, तू तर त्या दिवशी बांधावरच होतीस. भाकरी घेऊन आली होतीस. मी डबा काढला, तेल लावलं. तुला वास आला न्हाई?"

मी म्हणलं, "भाकरी करपून राहिली," अन् आत आले. तव्यावर भाकरी नव्हतीच.


१७ मार्च, सोमवार

दोन दिवस हे काही बोलले न्हाईत. इचारलंबी न्हाई. पण मी दिसले की बघतात. होळीच्या सकाळी मी 'नका जाऊ' म्हणले होते, ते आता जोडून राहिले असतील. बावळट न्हाईत हे.

टायरावरच्या पोरीला ह्यांनी पसंत केलं. बांधावर बसून गप्प राहिलेल्या बाईला पसंत करतील का, ते मला माहीत न्हाई.

आज मंगल आली. दारातून "आत्या!" तर म्हणलीच, पण मग माझ्याकडं वळून, "वहिनी, टाम्या." हातात दिल्या. ह्यांच्यासमोर. मी त्या कणगीमागं न ठेवता दाराच्या कोपऱ्यात उभ्या केल्या, झाडूशेजारी. आत्याबाईनी बघितल्या अन् झाडू जरा बाजूला सरकवला. ती चहा पिऊन गेली. साखर मी इचारून टाकली.

मग हे काठी टेकत अंगणात गेले, आमच्या ट्रॅक्टरभोवती फेरी मारली, मागलं चाक दाबून बघितलं. आतून मला दिसून राहिलं होतं. मग हाक आली.

"उषे, हे चाक जरा बघ बरं. रेघ एका अंगाला आत वाटून राहिली."

मी खिडकीतूनच बघितलं. रेघ अगदी बराबर हाय. त्यांनाबी ते दिसतं.

पेटीतला तो काळा डबा घेतला, राखेनं घासून तेल काढलं, त्यात साबणाची वडी भिजत घातलीय. अंगणात हे वाट बघून राहिले. साबण विरघळला की जाते. चाकाला काही करायचं न्हाई, ते आमा दोघांनाबी माहीत हाय.